गावात गेमिंग पीसी बांधायचा तर सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून

तुझी यादी दोनदा वाचली. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, घर दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात, वर टिनाचं छत, सोयाबीन विकून वडिलांनी दिलेले पंच्याहत्तर हजार आणि काकांकडून मिळणारा जुना मॉनिटर. खेळायचंय व्हॅलोरंट आणि जीटीए ५, जमलं तर सायबरपंक २०७७. शिवाय ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर, शिकायचंय. यादीत तू कोअर आय७-१२७००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीची एकच रॅम, २५६ जीबी एसएसडी, लिक्विड कूलर आणि समोर काच असलेलं सहा रंगीत पंख्यांचं कॅबिनेट लिहिलंस. शेवटच्या ओळीत आहे, "एसएमपीएस ६०० वॅट, कॅबिनेटसोबत फ्री." आणि विचारलंस, यात काही बदलायचं का?

बदलायचं आहे, आणि ती शेवटची ओळ सगळ्यात आधी. एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा. तू माझ्या पुतण्याच्या वयाचा, म्हणून तूच म्हणतो. यवतमाळ जिल्ह्यात चौदा वर्षं मी पीसी जोडतो आणि दुरुस्त करतो. खेळ झेपत नाही म्हणून माझ्या टेबलावर पीसी क्वचितच येतो. येतो तो जळून, तापून, नाहीतर उंदरानं वायर तोडली म्हणून. पुण्या-मुंबईच्या पोट्ट्यांचे व्हिडिओ पाहून तयार झालेल्या यादीत या तिन्ही गोष्टी नसतात, कारण त्यांच्याकडे त्या घडत नाहीत. आपल्याकडे प्रोसेसर, कार्ड हे सगळं नंतर. आधी तुझ्या खोलीतला तो तीन भोकांचा प्लग.

मी नवा होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून स्वस्तातला पॉवर सप्लाय बसवून दिला होता. कंपनीचं नाव सांगत नाही. हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस होते, रात्री मोटारी सुरू, बल्ब मिणमिणता. पहाटे मोटारी एकदम बंद झाल्या, व्होल्टेज उसळलं आणि "फाट" असा आवाज होऊन पीसी गेला. मी तो सप्लाय उघडला. मोठा कपॅसिटर डोक्यावरून फुगलेला, त्याखाली चिकट तपकिरी डाग, माशासारखा उग्र वास. त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. सर्किटच्या पट्टीवर जिथे फिल्टरची कॉइल हवी, तिथे जागा छापलेली होती आणि कॉइलऐवजी तारेचा साधा तुकडा डाखलेला होता. संरक्षण म्हणून त्यात काहीच नव्हतं. जाताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही घेऊन गेला. त्या माणसाचे पैसे मला कधीच परत करता आले नाहीत. तेव्हापासून डबा हातात घेतला की मी आधी लेबल वाचतो. तूही वाच.

लेबलवर मोठ्या अक्षरात छापलेले ६०० वॅट सोडून दे. खाली तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि त्याला १२ नं गुण. फुकटातल्या सप्लायवर बहुधा १६-१८ अँपिअर असतात. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. आता तुझ्या यादीतलं ३०६० एकटं १७० वॅट ओढतं आणि तो आय७ पूर्ण जोरात १८० पर्यंत जातो. कार्ड तर मिलिसेकंदापुरतं छापील आकड्याच्याही वर उसळी मारतं. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर आकडा दिसतो, म्हणजे जवळपास सगळी ताकद जिथे लागते तिथे.

त्याच लेबलवर आणखी एक ओळ आहे, ती शहरातला माणूस वाचत नाही आणि आपल्यासाठी तीच सगळ्यात मोलाची आहे. इनपुट. "१००-२४० व्होल्ट" लिहिलंय की "२००-२४०"? पहिल्या प्रकारचा सप्लाय व्होल्टेज १६०-१७० वर आलं तरी तक्रार न करता चालत राहतो, फक्त करंट जास्त ओढतो. दुसऱ्या प्रकारचा खेळ ऐन रंगात असताना पीसी रीस्टार्ट करेल, आणि तू कार्डात दोष शोधत बसशील. नावाजलेल्या कंपन्यांच्या स्वस्त मालिकाही २००-२४० च्या निघतात, म्हणून ब्रँडवर विसंबू नकोस, डबा फिरवून बघ. ८० प्लस ब्राँझचा शिक्का चांगला आहे, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. कंपनीनं तो वॅटचा आकडा ४० अंशांना मोजला की ५० ला, हेही माहितीपत्रकात असतं. आपल्याला ५० वाला हवा.

कमी व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज घातक. आपल्या घरात २३० येतात तेव्हा लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल सुटला की एका फेजवरच्या घरांना कमी आणि दुसऱ्या फेजवरच्या घरांना ३००-३५० मिळायला लागतात. अशा दिवशी गल्लीतले टीव्ही एकदम जातात, तू पाहिलं असशील. ३०० व्होल्टला लाटेचं टोक ४२० च्या वर जातं, आणि सप्लायमधला मुख्य कपॅसिटर असतो ४०० किंवा ४५० व्होल्टचा. तो तरी किती सोसणार! यावर उपाय म्हणजे मीटरनंतर बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो लाईन तोडतो आणि स्थिर झाल्यावर स्वतःच जोडतो. एका चांगल्या गेमिंग माउसच्या पैशात येतो आणि घरातला फ्रीज, टीव्ही सगळं वाचवतो. वडिलांना सांगताना हेच सांग, ते लगेच हो म्हणतील.

आता अर्थिंग. चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्याला किंवा एखाद्या पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तो अनुभव तुला असेलच. सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून एकेक छोटा कपॅसिटर पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग असलं तर तो गळका करंट जमिनीत जातो. नसलं तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी बारीक, माणूस दगावत नाही, पण तू चालू टीव्हीची एचडीएमआय वायर हातानं जोडलीस की तोच करंट पोर्टमधून वाट काढतो. असे मेलेले पोर्ट मी बरेच पाहिलेत. गावात बऱ्याच घरी तिसऱ्या भोकाला वायरच नसते. वायरमनला बोलावून मल्टिमीटरनं तीन आकडे घ्यायला लाव: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळजवळ सारखे आणि तिसरा चार-पाच व्होल्टच्या आत हवा. मीटर कधी कधी फसवतं, म्हणून फेज-अर्थवर १०० वॅटचा बल्ब लावून तो पूर्ण पेटतो का तेही त्यालाच बघू दे. तू स्वतः हात घालू नकोस. नसेल तर अंगणात कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा करून घ्या, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहा.

इन्व्हर्टरवर चालेल का, असंही तू विचारलंस. स्क्वेअर वेव्ह असेल तर नको. चांगले सप्लाय त्यावर कुरकुरतात, कधी बंदच पडतात. प्युअर साइन वेव्ह असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेव, नाहीतर लाईन गेल्यावर बॅटरीवर यायला तो जो वेळ घेतो तेवढ्यात पीसी बंद होतो. फक्त एक ध्यानात ठेव. यूपीएस मोडमध्ये बहुतेक इन्व्हर्टर १८० च्या खाली व्होल्टेज गेलं की बॅटरीवर उडी मारतात, म्हणजे रब्बीच्या रात्री लाईन असूनही बॅटरी संपते. त्या दिवसांत सरळ लाईनवर खेळ. १००-२४० वाला सप्लाय घ्यायला सांगतोय तो यासाठीच. वेगळा यूपीएस घेणार असशील तर ६०० व्हीएचा घेऊ नकोस, तो जेमतेम ३६० वॅटचा असतो.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. नेटची लॅन वायर असेल तर तीही. मृगाच्या सरींनंतर माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांचा लॅन पोर्टच गेलेला असतो.

टिनाच्या छताचं तू एका शब्दात लिहिलंस, पण ती तुझ्या यादीतली दुसरी मोठी अडचण आहे. मे महिन्यात बाहेर ४४ असतं तेव्हा दुपारी टिनाखाली त्याहून जास्त होतं. पीसीचं गणित सोपं आहे. खोली जेवढे अंश तापली, तेवढेच जवळपास आतला प्रत्येक भाग तापतो. ३० अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारा प्रोसेसर ४३ च्या खोलीत ८८ वर जातो. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तुझा खेळ अडखळतो. लिक्विड कूलरनं खोलीपेक्षा थंड काही होत नाही. त्याचा पंप गेला तर दारव्ह्यात बदलून मिळणार नाही आणि नागपूरहून येईपर्यंत पीसी पडून राहील. त्याऐवजी चार हीट पाइपचा साधा टॉवर कूलर घे. त्यात बिघडण्यासारखा एकच भाग आहे, पंखा, आणि तो कुठेही मिळतो.

काचेचं कॅबिनेट रद्द. समोर जाळी, आत हवा ओढणारे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा एक, आणि जाळीमागे निघणारा फिल्टर एवढं हवं. रंगीत दिव्यांचे पैसे पॉवर सप्लायमध्ये घाल.

आपल्या खिडकीतल्या कूलरबद्दल मात्र सावध राहा. खोली ४३ वरून ३२ वर येते, हा फायदा खराच. पण पीसी त्याच्या झोताच्या तोंडाशी ठेवू नकोस. ताट्यांवरून उडणारे बारीक थेंब बोअरच्या पाण्याचे असतात. ते सुकले की क्षार उरतो. एका पीसीत रॅमच्या सोनेरी पिनांवर मला पांढरी बुरशी असावी तसा थर दिसला होता. खोडरबरानं घासून काढला तेव्हा पीसी सुरू झाला. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, झोतापासून आडोशाला ठेव. खाली जमिनीवर नको, सारवलेली असो की फरशीची; फूट-दीड फूट उंच स्टुलावर. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आणि घरात कापूस साठवलेला असताना फिल्टर दर आठवड्याला झटक, कारण सरकीचा तंतू पंख्यापेक्षा हीटसिंकच्या पात्यांमध्ये जास्त अडकतो आणि वरून दिसत नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेव, मोकळी भिरभिरू देऊ नकोस. कॅबिनेटच्या मागच्या न वापरलेल्या पट्ट्या कधीच काढून टाकू नकोस. उंदीर आणि पाल तिथूनच आत येतात. पालीचा एक पाय बोर्डावर पडला तरी शॉर्ट होतो.

आता भाग. इथे फार गुंतागुंत नाही. भाव दर पंधरवड्याला हलतात, म्हणून मी वाटणी सांगतो. पैशाचा चाळीस टक्क्यांच्या आत-बाहेरचा वाटा कार्डाला, पंचवीसेक टक्के प्रोसेसर आणि बोर्डाला, वीस टक्के पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि कूलरला, उरलेले रॅम आणि एसएसडीला. दुकानदार तिसरा वाटा कापायला लावेल, तो कापू नकोस.

आय७ सोडून दे. खेळाला कार्ड लागतं, आणि त्या कार्डाला पुरेल एवढा प्रोसेसर बास. रायझन ५ ५६००, सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट. किंवा कोअर आय५-१२४००एफ, तेही सहा कोर आणि बारा थ्रेड. दोन्हींत मी तुला ५६०० देईन, कारण त्याचे बोर्ड स्वस्त. पण नाव नीट वाचून घे. ५५०० आणि ५६००जी हे त्याचे भाऊबंद दिसतात, पण त्यांचा कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) अर्धा, १६ एमबी, आणि कार्डाशी बोलायचा रस्ता जुन्या तिसऱ्या पिढीचा. "तोच आहे, घेऊन जा" असं ऐकून पोट्टे ५५०० घेऊन येतात. बोर्ड बी५५०, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक असलेला. ५६०० ज्यात बसतो तो एएम४ हा जुना सॉकेट आहे, पुढे त्यात मोठी वाढ नाही, हे तुला माहीत असावं. एएम५ ला २०२७ आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीनं सांगितलंय, पण तिथे डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम लागते, आणि तुझ्या बजेटमध्ये तो फरक थेट कार्डातून कापला जाईल. चार वर्षं शिकायला आणि खेळायला ५६०० पुरेल.

कार्डाबाबत तुझ्या निवडीत दम आहे. ३०६० ची १२ जीबी मेमरी ब्लेंडरला खरंच कामाची. तरी मी आरटीएक्स ४०६० कडे झुकतो. तेही ब्लेंडरला चांगलं, मेमरी ८ जीबी, पण ओढतं फक्त ११५ वॅट. टिनाखालच्या खोलीत ५५ वॅट उष्णता कमी, इन्व्हर्टरवर भार कमी, बिलही कमी. रोज चार तास खेळलास आणि पीसी साधारण ३०० वॅट ओढत असेल तर महिन्याला ३६ युनिट होतात. महावितरणचा स्लॅब १०० युनिटला बदलतो. घर आज ८० वर असेल तर तू त्याला वर ढकलणार, हे घरी आधीच सांगून ठेव. ४०६० मिळालं नाही तर आरटीएक्स ५०६० घे, तेही ८ जीबी, १४५ वॅट. ब्लेंडरचा विचार सोडलास आणि पैसे कमी पडले तर आरएक्स ६६००; नुसत्या खेळासाठी ते अजूनही चांगलं आहे. आरएक्स ६५०० एक्सटीला मात्र हात लावू नकोस, ४ जीबी मेमरी आणि अरुंद रस्ता. सेकंडहँड घेणार असशील तर माझ्यासमोर किंवा जाणत्या माणसासमोर अर्धा तास पूर्ण लोडवर चालवूनच घे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं, तेव्हा वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. ती अजूनही हात बदलत फिरताहेत.

मॉनिटर जुना आहे, ६० हर्ट्झचाच असणार. त्यावर व्हॅलोरंटला सेकंदाला ३०० फ्रेम निघाल्या तरी दिसतील ६०. त्यामुळे या वर्षी फ्रेम ६० वर बांधून ठेव. पीसी थंड राहील. पुढच्या हंगामात आयपीएस पॅनलचा १४४ हर्ट्झ घे.

रॅम एकच १६ नको, ८-८ च्या दोन. दोन रस्त्यांनी चालली तर फरक खेळात स्पष्ट दिसतो. २५६ जीबीच्या एसएसडीऐवजी १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डात बसणारी वेगवान एसएसडी. खेळ शंभर-शंभर जीबीचे झालेत. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर ते उतरणार नाहीत, म्हणून ज्या मित्राकडे फायबर आहे त्याच्याकडे पीसी नेऊन घे. स्टीम हे खेळ विकत घ्यायचं ॲप एकाच नेटवर्कवरच्या दोन पीसींमध्ये खेळ थेट पाठवू देतं, नेट जवळपास लागतच नाही. विंडोज ११ टाक, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटला त्यावर टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही सेटिंग सुरू लागतात, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बघून घे.

खरेदी नागपूरला सीताबर्डीत करशील तर प्रत्येक भागाचं जीएसटी बिल सीरियल नंबरसकट घे. जोडून आणणार असशील तर निघण्याआधी ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या डब्यात वेगळं ठेव. एसटीच्या धक्क्यांनी कार्डाच्या वजनानं बोर्डाचा स्लॉट उचकटलेले दोन पीसी माझ्याकडे आलेत. वॉरंटीत ते बसलं नाही. टॉवर कूलरही मोठा असतो, म्हणून कॅबिनेट आडवं मांडीवर किंवा सीटवर, बोर्ड खाली येईल असं. घरी आल्यावर कार्ड घट्ट बसव, स्क्रू आवळ. मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टला लाव, वरच्या बोर्डाच्या पोर्टला नाही. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसल्यामुळे वर लावलीस तर स्क्रीन काळीच राहील. मग बायोसमध्ये जाऊन रॅमला छापील वेगावर चालवणारं एक्सएमपी हे सेटिंग चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानं चालेल.

पैसे मोजण्याआधी दोन कामं कर. वायरमनकडून ते तीन आकडे घे, आणि संध्याकाळी मोटारी सुरू असताना व किमान एका पहाटे मोटारी बंद झाल्यावर प्लगचं व्होल्टेज मोजून लिहून ठेव. ते आकडे मला कळव, म्हणजे प्रोटेक्टर किती व्होल्टवर लावायचा आणि कोणता पॉवर सप्लाय घ्यायचा ते ठरवू. दुकानात त्यानंतर जा.